घोटभर पाणी

माझी माय प्रवासात पाणी पीत नाही. ही गोष्ट तिच्या पोटच्या पोराला, म्हणजे मला, सत्ताविसाव्या वर्षी कळली.

आमचं गाव धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून डोक्यात होतं की माय-अण्णांना अशा गाडीतून फिरवायचं. गेल्या हिवाळ्यात दोन दिवसांसाठी एक भाड्यानं घेतली. झोपायला बाकं, शेगडी, पाण्याची टाकी आणि मागे छोटासा संडास.

गाडी गल्लीत शिरेना, म्हणून पाराजवळ लावली. निम्मं गाव बघायला जमलं. मायनं आत डोकावलं आणि लगेच बाहेर आली.

"चुलीला लागून संडास? मी नाही बाई त्यात जायची."

मी हसण्यावारी नेलं.

पहिला मुक्काम भोकरदन. तालुक्याचं गाव, त्यामुळे कामाशिवाय आम्ही तिथं कधी गेलोच नव्हतो. केळणा नदीच्या काठी खडकात कोरलेली लेणी आहेत. या गावाचं जुनं नाव भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनची माणसं आहेत, तसं तिथल्या दगडांवरच कोरलंय. १९७३ मध्ये इथं उत्खनन झालं, त्यात हस्तिदंताची एक छोटी, तुटलेली स्त्रीमूर्ती सापडली. तिच्यासारखीच मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत मिळाली होती, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या शहरात. मी मोबाईलवर दोन्ही फोटो दाखवले.

"म्हणजे आपल्याकडचा माल तिकडं जायचा?" अण्णांनी विचारलं.

"जायचा. पैठणहून गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला, तिथून जहाजानं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक पुस्तकात लिहिलंय. वीस दिवसांचा रस्ता."

"वीस दिवस गाडीवर," माय म्हणाली. "बाया असतील का रे त्यात?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं.

पैठणच्या वाटेवर दुपारी तिचं डोकं चढलं. मी बाटली पुढं केली. "तहान नाही," ती म्हणाली. अण्णा शांतपणे बोलले, "ती गाडीत बसली की पाणी पीत नसती. लग्नाला जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासून बंद."

"काहून?"

"काहून म्हणजे? उतरायचं कुठं बाईमाणसानं?"

शेगाव, पंढरपूर, माझं कॉलेजचं ॲडमिशन. सगळ्या एसटीतल्या मायला मी आठवून पाहिलं. ती फक्त ओठ ओले करायची. मी शेजारी बसून उसाचा रस प्यायचो, गाडी थांबली की आडोशाला पळायचो. तिला मी पैठणी घेतली, मोबाईल घेतला. हे कधी विचारलं नाही.

आणि आता संडास सोबत घेऊन निघालो, तरी ती तहानलेलीच होती.

संध्याकाळी पैठणला पोहोचलो. ओळखीच्या शेतात गाडी लावली. अण्णांनी काही न बोलता शेगडी उचलली, लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवली. पिठाचा डबा, तवा, मीठमिरची, सगळं बाहेर.

"घे. चूल बाहेर, ते आत. आता पी पाणी."

माय लाजली. मग तांब्याभर पाणी प्यायली. रात्री ते दार हळूच वाजलं, तेव्हा आम्ही दोघंही झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो.

सकाळी गोदावरीच्या नागघाटावर गेलो. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते इथंच, असं मानतात. माय पायऱ्यांवर बसून एकनाथांची गोष्ट सांगत होती. काशीहून रामेश्वराला न्यायची गंगेची कावड त्यांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. ही गोष्ट मी लहानपणापासून शंभरदा ऐकलीय. ती सांगणारी बाई या वेळी अधूनमधून बाटलीतलं पाणी पीत होती.

परत येताना सिल्लोडच्या अलीकडं तिनंच हाक मारली, "संपली रे बाटली. दुसरी दे."

गाडी परत केली. तशी गाडी दरवेळी परवडणारी नाही. आता कुठंही निघायचं ठरलं की मी मॅपवर हॉटेल नंतर बघतो, वाटेतली स्वच्छतागृहं आधी शोधतो. आणि निघताना मायला सांगतो, कुठल्या गावात थांबायचंय ते.