ताईचं नाव कुठे कुठे बदलायचं

माणसं लक्षात ठेवायचं काम आपण मेल प्रोग्रॅमवर कधी सोपवलं, हे कुणालाच नीट सांगता येणार नाही. ते काम तो न सांगता करतो. थंडरबर्डमध्ये त्यासाठी वेगळी वहीच असते. आपण ज्यांना मेल धाडू त्यांचे पत्ते त्या वहीत आपोआप जमा होत राहतात. जीमेलमध्ये हाच प्रकार 'अदर कॉन्टॅक्ट्स' नावाच्या कप्प्यात चालतो. माझ्या वहीत अशा २१४० नोंदी साचल्या होत्या. घर शोधताना भेटलेले ब्रोकर, कॉलेज फेस्टचे प्रायोजक, 'आम्ही कळवू' म्हणून कधीच न कळवलेले एचआर, आणि 'नो-रिप्लाय' नावाचे सतरा इसम.

आजीकडे फोनखाली एक डायरी असायची. 'म' मध्ये 'मावशी मिरज', 'ग' मध्ये 'गॅसवाले'. बिऱ्हाडं बदलतात म्हणून ती पत्ते पेन्सिलीने लिहायची. डायरी भरली की नवी आणायची, आणि जुनीतली नावं नवीत उतरवताना निम्मी माणसं गळायची. साफसफाई ती हीच. गूगलच्या वहीत २५,००० नोंदी मावतात. ती भरणार कधी आणि नवीत उतरवायला बसणार कोण?

मीही बसलो नसतो. पण गेल्या दिवाळीच्या आधी आत्येभावाने घराण्याच्या गेट-टुगेदरची मेल चाळीस जणांना पाठवली. 'टू'च्या रांगेत ताईचं नाव सासरच्या आडनावासकट होतं. घटस्फोटाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. राजपत्रात नाव छापून आलं होतं, आधार, पॅन, बँक, पासपोर्ट सगळीकडे बदललं होतं. प्रत्येक ठिकाणी तेच कागद, त्याच झेरॉक्स, आणि खिडकीपलीकडून तोच प्रश्न, "का बदलताय?"

दादाच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने पहिली दोन अक्षरं टाइप केली असतील, बाकीचं प्रोग्रॅमने भरलं. मेलच्या 'टू' मध्ये दोन गोष्टी जातात, पत्ता आणि त्याच्या आधी नाव. पत्ता ताईचा, पण नाव बहुतेक वेळा पाठवणाऱ्याच्या वहीतलं असतं. म्हणजे तुम्ही एखाद्याला 'शिंदे कटकट क्लायंट' म्हणून सेव्ह केलं असेल, तर ते नाव तुमच्यापुरतं राहीलच असं नाही. मेलसोबत तेही बाहेर पडू शकतं. त्यात कुणी 'रिप्लाय ऑल' केलं की तेच नाव पुढे जातं आणि उत्तर देणाऱ्याच्याही वहीत जाऊन बसू शकतं. त्या मेलला अकरा जणांनी 'रिप्लाय ऑल' केलं. 'आम्ही नक्की येतो.' 'पुरणपोळी आमच्याकडून.' प्रत्येक उत्तरात ताईचं जुनं आडनाव होतं.

तिने फोन केला तो एवढंच विचारायला. "तुझ्याकडे मी काय म्हणून आहे रे?"

बघितलं तर तिच्या चार नोंदी होत्या. माहेरच्या नावाची, सासरच्या नावाची, जुन्या ऑफिसची, आणि नुसती 'ताई'. प्रोग्रॅम म्हणत होता, या चारही एकच व्यक्ती दिसतात, एकत्र करू का? बटण एकच, पण वर राहणारं नाव कोणतं, हे त्याने ठरवायचं नव्हतं.

"नुसतं 'ताई' ठेवतो," मी म्हणालो.

"ते तुझ्या फोनात ठेव. मेल चार लोकांना जाते, तिथे मी सगळ्यांची ताई कशी असेन? राजपत्रात आहे तेच लिही. पूर्ण."

पूर्ण म्हणजे तिचं नाव, मग आईचं नाव, मग आडनाव. लग्नाआधी मधे बाबा होते, लग्नानंतर नवरा. या वेळी तिने आईला आणलं. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. ताईने ते पस्तिशीत स्वतःच करून घेतलं.

त्या रात्री मी सगळी वही बाहेर काढली. तुम्हीही कधी बसलात तर आधी तेच करा, एक प्रत उतरवून घ्या आणि मग हात लावा. सीएसव्ही फाइल घेतलीत आणि नावं मराठीत असतील, तर ती यूटीएफ-८ मध्ये आहे ना बघा. नाहीतर उघडल्यावर नावांच्या जागी चिन्हांचा लगदा दिसतो. मी व्हीकार्ड घेतलं. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येसुद्धा उघडते.

व्हीकार्डचे नियम २०११ साली आरएफसी ६३५० मध्ये नव्याने लिहिले गेले. त्यात नावाचे पाच कप्पे आहेत. आडनाव, नाव, 'जास्तीची नावं', आणि पुढे-मागे लावायच्या उपाध्या. आपलं मधलं नाव जातं 'जास्तीची'मध्ये. बाबा, नवरा, आता आई, सगळे तिथेच. नातं लिहायलाही जागा आहे. मित्र, शेजारी, सहकारी, भावंड, जोडीदार. इतकंच काय, 'क्रश' आणि 'म्यूज'सुद्धा. 'पूर्वी होता' असं लिहायला मात्र शब्द नाही.

मग तीन ढीग केले. मशिनी पत्ते सरळ उडवले. गूगलमध्ये उडवलेली नोंद ३० दिवस कचऱ्यात राहते, त्यामुळे हात थरथरायचं कारण नाही. दुसरा ढीग कामाच्या माणसांचा, 'संतोष प्लंबर', 'सुतार कोथरूड'. कोथरूडच्या सुताराला मी तीन वर्षं ओळखतो, त्याने मला दोन कपाटं करून दिली, त्याच्या मुलीच्या दहावीचे पेढे मी खाल्ले. आडनाव आता विचारलं. त्याच्याकडे मी '३०४ नंबर भाडेकरू' आहे, असं त्याने हसत सांगितलं. फिटंफाट.

तिसऱ्या ढिगात आमचे कॉलेजचे सर होते. ते गेले त्याला चार वर्षं झाली. 'स' टाइप केला की वर तेच येतात. त्यांची नोंद वहीतून काढली आणि व्हीकार्ड त्यांच्या जुन्या मेल ठेवल्यात त्या फोल्डरमध्ये टाकलं.

हे सगळं करताना एक गोष्ट टोचत राहिली. माझी नोंद कुणाच्याही वहीत पाहिली तरी नाव तेच असणार. मी शाळेत होतो तोच आजही आहे. घर, नोकरी, नंबर बदलला, नावाला कुणी हात लावला नाही. ताईला स्वतःच्या नावासाठी आधी सरकारी खिडक्यांसमोर उभं राहावं लागलं, आणि ते झाल्यावर राहिल्या नातेवाइकांच्या वह्या. सरकारला अर्ज करता येतो. चाळीस नातेवाइकांच्या मेलबॉक्सांना कुठे करणार?

म्हणून आम्ही एकेकाला फोन केले. दादाला मी केला. तो म्हणाला, "अरे, मला माहीतच नाही ते तिथे आहे," आणि लगेच बदललं. आत्याला ताईने स्वतः केला. आत्या म्हणाली, "आता कशाला एवढं? आडनावाने काय होतं?" ताई म्हणाली, "काही होत नसेल तर बदल ना मग." आत्याने नातवाकडून बदलून घेतलं.

चाळीसपैकी एकोणतीस झाले आहेत. उरलेल्या अकरांची यादी ताईने मला दिली आहे. रविवारी दोन-तीन फोन होतात.