बेचाळीस वजा अठरा

(द्वितीय वर्ष, कला)

माझे आजोबा बेल्ह्याच्या बाजारातून बैल आणायचे, त्या काळच्या गोष्टी आमच्या घरात अजून निघतात. दात मोजायचे, खांद्यावरून हात फिरवायचा, चार पावलं चालवून बघायचा आणि विकणारा जितकं जास्त बोलेल तितका आपण कमी विश्वास ठेवायचा, असा त्यांचा दंडक होता. ही विद्या माझ्या वाट्याला आली खरी. पण ती बैलासाठी नव्हे, एका जुन्या लेन्ससाठी उपयोगी पडली.

आधी कॅमेऱ्याचं सांगते. अकरावीपासून मी गावातल्या एका फोटोवाल्या दादांबरोबर लग्नांच्या कामाला जाते. हळदीच्या वेळी मुलगी फोटोवाली असली की बायका मोकळेपणानं वावरतात, म्हणून मला काम मिळालं. दिवे धरता धरता कॅमेरा हातात आला. दादांनी स्वतःसाठी मोठा कॅमेरा घेतला तेव्हा त्यांचा जुना सोनी ए६००० मला दिला आणि पैसे कामातून वळते करून घेतले. हा कॅमेरा बिनआरशाचा. त्याच्याबरोबर आलेली छोटी लेन्स लग्नाच्या मांडवात पुरते, पण कोरेगाव भीमाच्या पुलाखाली पुरत नाही.

पुलाखाली असं काय आहे, असं तुम्ही विचाराल. आमच्या वरच्या अंगाला तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते आणि पिंपरी-चिंचवडकडचं सांडपाणीही बरोबर घेऊन येते. त्यामुळं जलपर्णी माजते. पण जिथं थोडं पाणी मोकळं राहतं तिथं कवड्या खंड्या येतो. काळापांढरा, ठिपक्याठिपक्यांचा. हवेत एकाच जागी पंख फडफडवत थांबतो, चोच सरळ खाली धरतो आणि दगड सोडावा तसा पाण्यात पडतो. माझ्या फोटोत तो तिळाएवढा यायचा. फोटो मोठा करून पाहिला तर तीळ मोठा व्हायचा, पक्षी काही दिसायचा नाही.

नवी दूरची लेन्स घेणं माझ्या आवाक्यात नव्हतं. दोन लग्नसराया मिळून माझ्याजवळ ७,००० रुपये साठले होते आणि त्या रुपयांवर घरात आणखी एकाची नजर होती. माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, सणसवाडीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर आहेत. नववीत त्यांची शाळा सुटली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि चढले तीही बी. ए.ची. त्याला ते हो म्हणाले, हेच मी पुष्कळ समजत होते.

“एवढ्यात कॉम्प्युटरचा कोर्स होतो,” आण्णा म्हणाले. “हातात सर्टिफिकेट येतं. लांबचं बघायला देवानं डोळे दिलेत की.”

“तिच्या कष्टाचे आहेत, तिला ठरवू द्या,” आई म्हणाली.

दादासाहेब फाळके १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले, हा दाखला माझ्या ओठांवर होता. पण पॉलिसी गहाण टाकली हे ऐकून आमच्या घरात भलताच अर्थ निघाला असता, म्हणून गप्प बसले. पुढं आठ दिवस आण्णा माझ्याशी कामापुरतंच बोलले.

जुन्या लेन्सचा शोध मला लागला तो एका साध्या वजाबाकीतून. फिल्मच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा असायचा. तो वर-खाली व्हायला जागा लागायची. म्हणून कॅनन कंपनीच्या १९७१ पासूनच्या एफडी जातीच्या लेन्सची बैठक फिल्मपासून ४२ मिलिमीटरवर होती. १९८७ साली त्याच कंपनीनं नवी बैठक आणली, ती ४४ मिलिमीटरवर. दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे किती? पण तेवढ्यानं जुन्या लेन्सना नव्या कॅमेऱ्यावर दूरचं दिसेनासं झालं. काचा चांगल्या, पितळ-लोखंड चांगलं, आणि तरी कपाटात बसायची वेळ आली. मग २००८ पासून बिनआरशाचे कॅमेरे येऊ लागले. आरसा गेला तशी त्याची जागाही गेली. माझ्या कॅमेऱ्यात हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. बेचाळीस वजा अठरा, चोवीस. चोवीस मिलिमीटर लांबीची एक पोकळ नळी मध्ये बसवली की काम झालं. त्या नळीत काचही लागत नाही. शिवाय माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीहून लहान, म्हणून २१० मिलिमीटरची लेन्स ३१५ सारखी जवळ आणते. कुणाच्या तरी कपाटातली अडगळ मला नव्या लेन्सहून फायद्याची होती.

ती अडगळ शिरूरला निघाली. दादांच्या ओळखीचे एक म्हातारे फोटोग्राफर तिथं आहेत, त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. अर्ध्या तिकिटात एस.टी.नं गेले. त्यांनी कापडात गुंडाळलेली लेन्स काढली. कॅनन एफडी ७०-२१०, १९८० साली बाजारात आलेली जात, वजनाला पाऊण किलोला थोडी कमी. एकच जाड रिंग. ती पुढंमागं ओढली की जवळ-लांब आणि फिरवली की स्पष्ट.

मी आजोबांची नात. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून लावला, पुढून डोळा लावला. धूळ होती, जुन्या लेन्सला असतेच. लेन्स तोंड खाली करून धरली तर रिंग आपोआप घसरली. तेवढ्यात बाबाच म्हणाले, “मागच्या काचेच्या कडेला बघ, पोरी. बुरशी धरलीय. कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक. फोटोत येणार नाही, पण वाढू देऊ नको.” मग मागची कळ सरकवून आतली पाती उघडझाप करून दाखवली. कोरडी होती, तेलाचा डाग नव्हता. विकणाराच खोड दाखवायला लागला तर काय करायचं, हे आजोबांनी कुणाला सांगून ठेवलेलं नव्हतं.

“काय काढणार हिच्यावर?”

“पक्षी.”

ते हसले. त्यांनी हिच्यावर बैलगाडे काढले होते. घाटाच्या कडेला उभं राहायचं, बारी सुटली की बैलांच्या डोळ्यांवर नजर ठेवायची. रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यात अख्खी यात्रा बसवायची. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या. डिसेंबर २०२१ मध्ये त्या परत सुरू झाल्या तोवर घाटावर जो तो मोबाईल काढून उभा. “आता आमचं काय काम?” एवढंच म्हणाले आणि ७,००० चे ५,००० केले. मी जास्त ओढलं नाही.

नळी, म्हणजे अडॅप्टर, १,४०० रुपयांना कुरिअरनं आला. कॅमेऱ्यावर बसवला आणि लेन्स लावली तर सगळं किंचित हलायचं, टक्‌ टक्‌ वाजायचं. तो आवाज आण्णांनी ओळखला. आठ दिवसांत पहिल्यांदाच ते आपणहून जवळ आले आणि अडॅप्टर उचलून बोटांत फिरवला.

“जाडी किती पाहिजे?”

“चोवीस.”

“चोवीस म्हणजे चोवीसच, का आसपास?”

मी पेपरच्या कोऱ्या कडेला आकृती काढली. फिल्म, आरसा, बेचाळीस, अठरा. त्यांनी एकदा बघितली आणि अडॅप्टर जेवणाच्या पिशवीत टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो कागदात गुंडाळून परत आला. कागदावर चार आकडे होते: २३.९२, २३.९३, २३.९२, २३.९२.

“चारी बाजूंनी सारखा आहे. जॉब वाईट नाही. कमी आहे तो मुद्दाम कमी ठेवलाय. जास्त झाला असता तर लांबचं कधीच स्पष्ट आलं नसतं. कमी आहे म्हणून तुला रिंग शेवटापर्यंत न्यायची नाही, थोडी अलीकडं थांबवायची.”

हे कळायला मला दोन रात्री वाचन करावं लागलं होतं. त्यांनी ते मापावरून ओळखलं. मग अडॅप्टरच्या दातांतली बारीक फट पातळ पात्यानं केसभर उघडली आणि टकटक थांबली. हात पुसत त्यांनी विचारलं, “कॅमेऱ्याच्या अठराला टॉलरन्स किती असतो?”

“माहीत नाही.”

“मग शोध. कॉलेजात जातेस ना?”

१ जानेवारीला मी लेन्स घेऊन नदीपलीकडं पेरण्याला गेले. १८१८ च्या लढाईच्या त्या विजयस्तंभाला १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. आता दरवर्षी या दिवशी लाखो लोक येतात. शंभर पावलांवर बसलेल्या एका आजींचा चेहरा लेन्समधून सुरकुती-सुरकुतीनिशी समोर आला आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. मी बटण दाबलं नाही. जाऊन विचारलं. त्या हो म्हणाल्या, पदर सारखा केला, ताठ बसल्या. मला मात्र फोटोसाठी परत वीस पावलं मागं यावं लागलं, कारण या लेन्सला जवळचं माणूस चौकटीत मावत नाही! फोटो आला तो आधारकार्डावर शोभेल असा. आधी दिसलेला चेहरा खरा का हा, यावर आमच्या समाजशास्त्राच्या तासाला सरांशी वाद घालायचा आहे.

खंड्या फेब्रुवारीत सापडला. कॅमेऱ्याला आपल्या पुढं लेन्स आहे हेच कळत नाही, म्हणून ‘लेन्स नसली तरी फोटो घे’ असं त्याला आधी सांगून ठेवावं लागतं. स्पष्टपणा हातानं साधायचा. जिथं साधला तिथं कडांना रंगीत रेघ उमटते. लेन्स हात सावरून घेत नाही, म्हणून वेग सेकंदाचा हजारावा भाग ठेवला. तीन सकाळी मिळून दोनशेवर फोटो काढले. त्यातले सहा बरे. एकात पाण्याचे थेंब लख्ख आणि पक्षी धूसर. एकात मात्र तो हवेत थांबलेला आहे, चोच खाली, डोळ्यात उजेडाचा टिंब.

आण्णांनी तो मोबाईलवर दोन बोटांनी मोठा केला. “रिंग कुठं थांबली होती?” एवढंच विचारलं. कोर्सचा विषय अजून मिटलेला नाही. जूनमध्ये पुन्हा निघेल. अठराचा टॉलरन्सही मला अजून सापडायचा आहे.

बुरशीचं ऐकल्यावर आईनं दिवाळीच्या फराळाचा हवाबंद डबा रिकामा करून दिला. त्यात बुटांच्या खोक्यांतून गोळा केलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आणि लेन्स. झाकणावर ‘चिवडा’ लिहिलेली पट्टी तशीच आहे आणि धाकटा भाऊ दर दोन-तीन दिवसांनी तो डबा उघडून बघतोच.