अन्व्याच्या त्या शक्ती!

अन्व्याला गेला आहात का? भोकरदन तालुक्यातलं अन्वा. गेला नसाल तर या रविवारी जाच! ते देऊळ मी नुकतंच पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे.

हिशेबाच्या कामातल्या माणसांचा सप्टेंबरअखेरचा आठवडा कसा जातो ते सांगायला नको. टॅक्स ऑडिटची मुदत, पक्षकारांचे फोनवर फोन, रात्री अकरा वाजले तरी न जुळणारा ताळेबंद. मान आखडलेली, झोपेतही आकडेच. रविवारी दिवसभर लोळायचं असं मी ठरवलं होतं. पण बाबा म्हणाले, "लोळून डोकं आणखी जड होतं. आवर लवकर, तुला एक देऊळ दाखवतो."

जालन्याहून निघालो. राजूरच्या गणपतीला हात जोडले, पुढे भोकरदन. पाऊस नुकताच उघडलेला, दोन्ही बाजूंना मका डोक्याएवढा, कपाशी फुटायला आलेली. भोकरदन म्हणजे तालुक्याचं, बाजाराचं गाव, एवढंच माझ्या डोक्यात. बाबा गाडी चालवता चालवता सांगत होते की याचं जुनं नाव भोगवर्धन, सांची आणि भरहुतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत हे गाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वी इथले लोक सांचीपर्यंत दान देत होते! आणि पुढचं ऐका. इटलीत पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ साली एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली, आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तशाच घडणीची हस्तिदंती मूर्ती १९७० च्या दशकातल्या उत्खननात आपल्या भोकरदनला सापडली. पाँपेईची ती मूर्ती भोगवर्धनच्या कारागिरांनी घडवली असावी असं काही अभ्यासक मानतात. माझी मान कधी मोकळी झाली ते मला कळलंही नाही, पण बहुतेक इथेच.

आणि मग अन्वा. साध्या गावात, घरांच्या सोबतीने, उंच जोत्यावर उभं असलेलं १२ व्या शतकातलं दगडी देऊळ. शिखर आता नाही. त्यामुळे लांबून फारसं काही वाटत नाही, पण जवळ जा! भिंत सरळ नाहीच. तारकाकृती तळामुळे ती कोनाकोनाने आत-बाहेर होत जाते, प्रत्येक कोनावर ऊन वेगळं पडतं आणि त्या उन्हात मूर्ती एकेक करून पुढे येतात. आत खांबच खांब. वर पाहिलं तर वर्तुळात वर्तुळ घेत वर चढत गेलेलं छत. एक आजोबा तिथेच बसले होते. म्हणाले, "बसा ताई, लई थंड हाय इथं." खरंच, बाहेर ऑक्टोबरचं ऊन आणि आत पावलांना गार फरशी. आज आत महादेवाची पिंड आहे, पण मूळ देऊळ विष्णूचं, आणि त्याचा पुरावा बाहेरच्या भिंतीवर.

तर त्या बाहेरच्या भिंतीबद्दल! तिथे विष्णूच्या शक्ती आहेत. हातात शंख, चक्र, गदा, पद्म, पण मूर्ती स्त्रीची. मूर्तिशास्त्राचे अभ्यासक गो. बं. देगलूरकर यांनी या मूर्तींवर लिहिलं आहे. बाबा रोज संध्या करतात, तिच्यातली केशव, नारायण, माधव ही चोवीस नावं लहानपणापासून माझ्या कानांवर आहेत. चोवीसच का, ते त्या दिवशी कळलं. चार हात, चार आयुधं. त्यांचा क्रम बदलत गेलं की चार गुणिले तीन गुणिले दोन, बरोबर चोवीस मांडण्या होतात. प्रत्येक मांडणीचा एक विष्णू, आणि प्रत्येक विष्णूची एक शक्ती: केशवाची कीर्ती, नारायणाची कांती, माधवाची तुष्टी, मधुसूदनाची शांती, वामनाची दया. वाचायचं कसं? खालच्या उजव्या हातापासून सुरू करायचं, मग वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा आलं की केशवाची. शंख, पद्म, गदा, चक्र आलं की नारायणाची.

मी त्या भिंतीला चिकटलेच! एकेका मूर्तीपुढे उभी राहून बोटांवर मोजत होते. काही हात तुटलेत, काही आयुधं झिजलीत, मग उरलेल्या तिन्हींवरून चौथं ओळखायचं. कमरेचा बाक, मेखलेची एकेक लड, गदेवर टेकलेली सैल बोटं... बाबा डबा उघडून हाका मारत होते आणि मी "एवढी एक बघते" म्हणत पुढच्या कोनाकडे. आठवडाभर आकड्यांनीच छळलं होतं, आणि इथे तेच मोजणं इतकं गोड लागत होतं की सोमवारची आठवणसुद्धा आली नाही. थकलेल्या डोक्याला रिकामं ठेवण्यापेक्षा असं काहीतरी सुंदर शोधायला लावावं, हे मला आता मनापासून पटलं आहे.

शाळेत असताना आमची सहल वेरूळ-अजिंठ्याला जायची. अजिंठा इथून जवळ, तरी अन्वा वाटेत कुणी दाखवलं नाही. आपल्या जालना जिल्ह्यात काय नाही! अंबडला मत्स्योदरी देवी आहे, तिथेच दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो, घनसावंगी तालुक्यात समर्थांचं जांब आहे. माझे पुढचे रविवार ठरलेत.

तुम्ही अन्व्याला सकाळी जा, ऊन तिरपं असताना. पाणी आणि डबा सोबत घ्या, घरातल्या वडीलधाऱ्यांना घ्या, मुलांना तर नक्की घ्या आणि चार आयुधांचं गणित त्यांनाच सोडवू द्या. मूर्तींना तेल, शेंदूर काही लावू नका. आणि खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करा, म्हणजे चुकणार नाही.