धुराडे

स्वयंपाकघरातला धूर आमच्याकडे सासूसारखा मानतात. तो असायचाच, त्याच्याविषयी कुरकूर करणे सुनेला शोभत नाही. घरात गॅसची टाकी आली, तरी चूल हलली नाही. चहा आणि पाहुण्यांचे पोहे गॅसवर. भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. पऱ्हाट्या, तुराट्या शेतातून फुकट येतात, टाकी भरायला मात्र रोख पैसे मोजावे लागतात. हे गणित मलाही पटते. फक्त त्यात आईचे डोळे कुणी धरलेले नाहीत.

जुन्या माळवदाच्या घराला साणे होते. छतातल्या त्या भोकातून उजेड आत यायचा आणि धूर बाहेर जायचा. माळवद उतरवून पत्रे घातले तेव्हा साणे गेले आणि धूर पत्र्याखाली घुटमळू लागला. घर सुधारले असे सगळे म्हणाले.

निर्धूर चुलीची कल्पना काही आजची नव्हे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम चाले. तिथली मगन चूल तिच्या नळीसाठी प्रसिद्ध झाली. हैदराबादच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एस. पी. राजू यांनी तर १९५३ साली धूरविरहित स्वयंपाकघरावर पुस्तिकाच काढली. आमच्या आजीकडेही कुणीतरी येऊन अशी चूल बसवून दिली होती. पण नळी झाडावी लागते हे सांगायला ते विसरले. वर्षभरात ती काजळीने तुंबली, धूर दुप्पट झाला आणि आजीने चूल फोडून जुनी घातली. भिंतीतले भोक तेवढे राहिले. त्यात चिमण्या नांदल्या.

तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा खालून येते, हे भूगोलाच्या तासाला वारे शिकताना ऐकले, तेव्हा फळ्यावर मान्सून होता आणि मला मात्र आमची चूल दिसत होती. धुराड्याचे सगळे मर्म एवढ्यातच आहे. नळी जितकी उंच आणि आतून जितकी ऊबदार, तितकी तिची ओढ जास्त. ती अरुंद असली की घुसमटते, वाकवली की आळसावते. तोंड आढ्यापेक्षा खाली राहिले, तर वारा धूर परत घरात ढकलतो.

मग प्रश्न आला नळी कशाची. या दिवाळीच्या सुटीत मी हाच उद्योग केला.

सिमेंटच्या जुन्या नळ्या भंगारवाल्याकडे स्वस्त मिळतात. पूर्वी चुलींना त्याच बसवीत. पण त्यांत ॲस्बेस्टॉस असते. कापताना, फुटताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसात गेली, तर पुढे कर्करोगापर्यंत मजल जाते. शिवाय अति तापली की ती तडकते. धूर काढायला हे घरात आणायचे म्हणजे उंदरासाठी साप पाळणे. शेजारच्या काकांनी बोअरचा उरलेला प्लॅस्टिकचा पाइप देऊ केला. त्यांच्या मनात प्रेमच होते, पण तो वितळला असता. तेलाच्या डब्याचे पत्रे गुंडाळूनही नळी होते. ती एखादा पावसाळा काढते आणि गंजून जाते. विटांचे धुराडे सर्वांत टिकाऊ, पण त्याचे ओझे आमची मातीची भिंत घेणार नाही.

उरले दोघे. पत्र्याचे काम करणाऱ्याने चार इंची, आठ फूट नळी, वर पावसाची टोपी आणि दोन पट्ट्या मिळून नऊशे रुपये सांगितले. पत्रा चटकन थंड होतो, म्हणून आत काजळी लवकर धरते, आणि हात लागला की भाजतो. कुंभारआजोबांनी चाकावर नळ्या करून देतो म्हटले. मातीची नळी ऊब धरते आणि स्वस्तही पडते, पण धक्का लागला की संपली. शेवटी दोन्ही घेतल्या: खाली चुलीपासून छपरापर्यंत मातीच्या, सांधे चिखलाने लिंपलेल्या, वर उघड्यावर तीन फूट पत्रा. पत्र्याला भोक पाडले तिथे गळपट्टी बसवली. छपराखालचा लाकडी वासा नळीपासून दूर सरकवून घेतला. ठिणगीचे काही सांगता येत नाही.

अण्णा म्हणाले, "इतक्या खटपटीची काय गरज हाय? धूर काय आजचा हाय का?" त्यांनी दोन वर्षांपूर्वी बोअरला तीनशे फूट पाइप सोडला आणि पाणी लागले नाही, त्यावर घरात कुणी अवाक्षर काढले नव्हते. आई काही बोलली नाही. आत गेली, अंड्यांच्या पैशांचा डबा आणला आणि माझ्या हातात ठेवला.

चूल मात्र तिने आपल्या मनाने घातली. मी वहीत छोट्या तोंडाची काढली होती. तिने मोठे ठेवले. "भाकरी निखाऱ्यापुढं उभी करायची कुठं मग?" हा प्रश्न किती संशोधकांना सुचला असेल, देव जाणे. वैलावर भांडे नसले की तिथून धूर वर येतो, म्हणून त्यावर पाण्याचे पातेले कायम बसले. आंघोळीचे पाणी तापू लागले. ओढ फार झाली की जाळ नळीतच पळतो आणि सरपण जास्त लागते, तेव्हा नळीत सरकती पत्र्याची झडप घातली. तीही आईच मागे-पुढे करते.

आता नळी दर पंधरवड्याला काठीला चिंधी बांधून झाडतो. पहिल्या वेळी निघालेली काजळी अण्णांनी घमेल्यात बराच वेळ न्याहाळली. त्यानंतर वर चढून टोपी काढायचे काम तेच करतात.

धूर गेला कुठे, तर बाहेर, गल्लीत. तो नाहीसा करण्याची विद्या या नळीत नाही. आईचा खोकलाही अजून आहे. इतक्या वर्षांचा आहे, तो महिन्याभरात कसा जाईल? तालुक्याच्या दवाखान्यात डोळे दाखवायचे ठरले आहे. त्याला अण्णा सोबत येणार आहेत.