नाट्यगृह भाड्याने देणे आहे

ऐन सबमिशनच्या गडबडीत संपादक मंडळातली दोन पोरं केबिनमध्ये आली. "सर, मराठी विभागाला पानं कमी पडतायत. तुम्ही अमेरिकेत होता ना, तिकडचं काहीतरी लिहा ना." तिकडचं म्हणजे काय ते मला पक्कं माहीत आहे. बर्फ, नायगारा, पहिल्याच आठवड्यात करपलेली खिचडी आणि शेवटी मातृभूमीची आठवण. मी इथे विद्यार्थी असताना याच अंकासाठी अशा दोन लेखांची प्रुफं तपासली आहेत. त्यामुळे ते नको. मी एका नाट्यगृहाबद्दल लिहितो. तसंही गेला महिनाभर जिमखान्यामागच्या आपल्या जुन्या हॉलने माझं डोकं खाल्लंय. तो कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या कमिटीत मला घातलंय आणि गुरुवारी मीटिंग आहे. पण ते नंतर.

आधी माझी लायकी सांगतो. मी इथल्या नाटकाच्या टीममध्ये तीन वर्षं होतो आणि स्टेजवर एकदाही आलो नाही. मी लाइट्सवाला. आमच्या तालमी मेसमध्ये रात्री साडेदहानंतर, टेबलं भिंतीला लावून, आमटीच्या वासात व्हायच्या. इलेक्ट्रिकलच्या लॅबमधून 'उधार' आणलेला डिमरस्टॅट हे माझं पहिलं लाइट कंट्रोल. (तो परत केला. बहुतेक.)

२०१० साली एमएससाठी सिएटलला युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये गेलो. नाटक बघायची खाज होतीच, पण तिकिटाचा दर बघितला की आठवड्याचा किराणा डोळ्यांपुढे यायचा. मग कुणीतरी सांगितलं, अरे, अशर म्हणून जा. म्हणजे आपल्याकडचा डोअरकीपर. काळी पँट, काळा शर्ट घालायचा, लोकांना खुर्च्या दाखवायच्या, नंतर पडलेले कागद गोळा करायचे आणि त्या बदल्यात नाटक फुकट. हॉस्टेलच्या पोराला याहून चांगला सौदा कुठे मिळणार?

मी जायचो ते नाट्यगृह सिएटल सेंटर नावाच्या मोठ्या आवारात आहे. १९६२ साली तिथे जागतिक प्रदर्शन भरलं होतं. फोटोत दिसतो तो स्पेस नीडल त्याच प्रदर्शनाचा आणि डाउनटाउनमधून तिथे जाणारी मोनोरेलही तेव्हाचीच. नाट्यगृह सुद्धा त्याच प्रदर्शनासाठी बांधलेलं. साडेचारशेच्या आसपास खुर्च्या, बाहेर चौक, चौकात कारंजं. मालक शहर. भाडेकरू इंटिमन थिएटर नावाची नाटक कंपनी.

इथे 'भाडेकरू' हा शब्द मला आधी कळलाच नाही. आपल्याकडे नाटक फिरतं आणि नाट्यगृह जागच्या जागी असतं. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर घ्या. १९६८ पासून महापालिकेचं. तिथे कुणीच कायमचं राहत नाही. तारखा वाटल्या जातात, सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. एकाचा टेम्पो निघाला की दुसऱ्याचा लागतो. शनिवार-रविवारच्या तारखेसाठी निर्माते काय काय करतात ते ज्याने केलंय त्यालाच विचारा. तिकडे उलट. एक कंपनी नाट्यगृहात राहायलाच येते. तिचं ऑफिस तिथे, नाटकाला महिनाभर एकच पत्ता. त्यामुळे कंपनी बुडाली की तारीख रिकामी होत नाही, अख्खी इमारत रिकामी होते.

आणि झालं तसंच.

२०११ च्या वसंतात तिथे आर्थर मिलरचं 'ऑल माय सन्स' लागलं होतं. मेकॅनिकलवाल्यांनी हे नाटक मिळवून वाचाच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एका कारखानदाराच्या लाइनवर विमानाच्या इंजिनाची क्रॅक गेलेली सिलिंडर हेड्स निघतात. ऑर्डर हातची जाईल म्हणून क्रॅक झाकून तो माल पाठवून देतो. एकवीस विमानं कोसळतात. पुढचं सगळं नाटक घराच्या मागच्या अंगणात घडतं आणि मशीन एकही दिसत नाही. बोइंग ज्या गावात जन्मली तिथे हे बघताना आजूबाजूच्या खुर्च्यांमध्ये जी शांतता पसरली, ती मी टॉर्च हातात धरून दाराशी उभा राहून ऐकली. क्वालिटी कंट्रोलचं लेक्चर मी आजही तिथूनच सुरू करतो.

ते नाटक संपलं आणि एप्रिलमध्येच बातमी आली. पैसे संपले, उरलेला सीझन रद्द, सगळ्या स्टाफला सुट्टी. हे काही गल्लीतलं मंडळ नव्हतं बरं का. १९७२ ची संस्था, १९८७ पासून त्या इमारतीत, २००६ साली प्रादेशिक थिएटरचा टोनी पुरस्कार मिळवलेली. मला वाटायचं असल्या संस्था बंद पडत नाहीत. फक्त आमच्या गावच्या नगरपालिकेचं नाट्यगृह बंद पडतं, जिथे आता साड्यांचे सेल लागतात.

त्यानंतर कितीदा तरी त्या चौकातून गेलो. दारं बंद. काचेला नाक लावून आत बघायचो. फॉयरमध्ये अंधार, आणि ज्या कोपऱ्यात मी कागद गोळा करून टाकायचो तो डबा तसाच. २०१२ च्या उन्हाळ्यात इंटिमनवाल्यांनी देणग्या गोळा करून पुन्हा उभं राहून दाखवलं. तीच नटमंडळी आलटून पालटून चार नाटकं करायची, एका दिवशी 'रोमिओ अँड ज्युलिएट', दुसऱ्या दिवशी 'हेडा गाब्लर'. मी पुन्हा काळा शर्ट घातला. पण उन्हाळा म्हणजे दोन महिने. उरलेले दहा महिने इमारतीचं काय? छप्पर, हीटिंग, डिमर, पडद्याच्या दोऱ्या, यातलं काहीही सीझन बघून खराब होत नाही. शहराला वर्षभराचा भाडेकरू हवा होता.

आता तुम्ही निवडसमितीत आहात असं समजा. नाव असलेली, पण खिशात दमडी नसलेली जुनी कंपनी घ्याल? बाहेरून पैसेवाला कुणी आणाल, जो कॉन्सर्ट आणि कॉर्पोरेट इव्हेंट लावून भाडं वेळेवर भरेल? की कुणालाच कायमचं न देता आपल्यासारख्या तारखा वाटाल? मी आमच्या लॅबमध्ये यावर वाद घालायचो. माझ्या चिनी रूम पार्टनरला कळेना की परदेशातल्या एका इमारतीसाठी हा माणूस भात सोडून का भांडतोय.

२०१३ साली निकाल लागला. नाट्यगृह कॉर्निश नावाच्या कला महाविद्यालयाकडे गेलं. नाव बदलून झालं कॉर्निश प्लेहाउस. इंटिमनला उन्हाळ्यातली जागा राहिली, म्हणजे भाडेकरू होता तो पाहुणा झाला.

मी भडकलो. कॉलेज? टोनी मिळालेल्या स्टेजवर आता गॅदरिंग होणार? कॉर्निश १९१४ चं आहे, मर्स कनिंगहॅम तिथे शिकला, जॉन केजने तिथे काम केलं, हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मला फक्त 'कॉलेज' एवढंच ऐकू आलं होतं.

माझ्याबरोबर एक आजी अशर म्हणून यायच्या. सत्तरीच्या पुढच्या, अॅप्रनसारख्या मोठ्या खिशाचा कोट घालायच्या, खिशात खोकल्याच्या गोळ्या, कारण नाटकात खोकणारा माणूस त्यांना सहन व्हायचा नाही. त्यांच्यापुढे मी माझं रडगाणं गायलो. त्या म्हणाल्या, "१९६३ मध्ये मी इथे पहिल्यांदा आले तेव्हा इथे सिएटल रेप होतं. ते १९८३ मध्ये शेजारच्या नव्या इमारतीत गेले तेव्हा मी तुझ्यासारखीच भांडले होते. मग ही इंटिमनची पोरं आली. तेव्हा मी म्हटलं होतं, ही कोण?" आणि मला एक गोळी दिली. मला खोकला नव्हता.

पुढच्या वर्षी मी तिकीट काढून तिथल्या विद्यार्थ्यांचा एक प्रयोग बघायला गेलो. नाटक कुठलं ते खरंच आठवत नाही. आठवतं ते हे, की पहिल्या अंकाच्या शेवटी ब्लॅकआउट दोन सेकंद उशिरा आला. नट मरून पडला होता आणि मेल्यावर त्याने एक डोळा उघडून वर बूथकडे बघितलं. प्रेक्षक हसले. मी हसलो नाही. त्या बूथमध्ये जो कुणी बसला होता त्याच्या पोटात काय झालं असेल ते मला तंतोतंत माहीत होतं. फरक एवढाच, की माझा ब्लॅकआउट चुकला तेव्हा समोर मेसचे आचारी होते, आणि या पोराचा खऱ्या नाट्यगृहात, खऱ्या बोर्डवर चुकला. मध्यंतरात बाहेर कारंज्यापाशी आलो तर मागच्या दाराने पाच-सहा मुलं पुढच्या अंकाचा सोफा आत नेत होती. सोफा दारात अडकला होता. दोघं म्हणत होती उभा करा, तिघं म्हणत होती आडवा करा. हे भांडण मी मराठीत ऐकलेलं आहे.

मी २०१६ ला परत आलो. पुढचं बातम्यांमधून कळत राहिलं. २०२५ मध्ये कॉर्निश स्वतःच पैशाच्या ओढाताणीतून सिएटल युनिव्हर्सिटीत विलीन झालं. आजी असत्या तर त्यांनी मला आणखी एक गोळी दिली असती.

तर आपला हॉल. त्यात सध्या जुने सीआरटी मॉनिटर, मोडकी बाकं आणि १ भलामोठा गणपतीचा मखर आहे. अर्ज तीन आलेत. प्लेसमेंटवाल्यांना ॲप्टिट्यूड टेस्टसाठी हवाय, त्यांच्या अर्जाला एसीचं कोटेशनही जोडलंय. रोबोटिक्सवाल्यांना ट्रॅक मांडायचाय. नाटकाच्या टीमने अर्धं पान लिहिलंय, त्यात चार ओळी आजवर जिंकलेल्या करंडकांच्या आहेत आणि बाकी भावना. मी नाटकवाला म्हणून माझं मत गृहीत धरू नका. मी फॉर्ममध्ये एकच रकाना वाढवायला लावला: आठवड्यातून कोणत्या वारी येणार आणि किल्ली कोण सांभाळणार? रोबोटिक्सने वार लिहिले. प्लेसमेंटने 'आवश्यकतेनुसार' लिहिलं. नाटकाच्या टीमने अजून तो रकाना भरलेला नाही. पोरांनो, गुरुवारपर्यंत वेळ आहे.

मीटिंगआधी पावणेपाचला मी हॉल उघडणार आहे. कुणाला आत येऊन बघायचं असेल तर या. आत बल्ब नाही. टॉर्च आणा.