आठ फुटांचा हट्ट

आमिषाच्या खोक्यावर छापलेली खोली मी बरीच वर्षं हुकमासारखी पाळली. आठ फूट लिहिलंय ना, मग ते आठ फुटांवर गेलंच पाहिजे. टेक्सासमध्ये बास मासा धरायला शिकलो तेव्हापासून क्रँकबेट म्हणजे बुडी मारणारं आमिष, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. लाकडाचं किंवा पोकळ प्लॅस्टिकचं गुबगुबीत अंग, पोटाला आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ, तोंडापुढे ओठासारखी पट्टी. सोडून दिलं तर तरंगतं. रीळ फिरवलं की ओठावर पाणी दाबतं, नाक खाली जातं आणि आमिष थरथरत खोल उतरतं. ते तरंगतं याचा उपयोग मी एवढाच मानत होतो की बुडालेल्या खोडात अडकलं, तर लाइन सैल सोडल्यावर सुटून वर येतं. पाण्यावर मासा उठवायचा तर त्यासाठी पॉपर होते, वेगळ्या खणात ठेवलेले. कुणी क्रँकबेट वरच्या वर ओढताना दिसला की मी त्याला अडाणी समजायचो. एकदा एका सहकाऱ्याला ते तोंडावर सांगितलंही.

हा ग्रह अमेरिकेत जडला असं मला वाटायचं. खरं तर तो मी मालवणहून घेऊन आलो होतो. कर्लीच्या खाडीत लहानपणी गरी टाकायची ती शिसं बांधून, कोळंबी लावून, थेट तळाशी. तांबोशी तळाला खडकांतच लागायची. मोठा मासा खाली आणि वर नुसती चिल्लीपिल्ली, हे तिथे मनात रुतलं. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्क आहे. तिथे 1992 साली बॅरी सेंट क्लेअरने राज्याचा विक्रमी बास धरला, 18.18 पौंडांचा, म्हणजे सव्वाआठ किलोंचा. तोही खोल पाण्यात, जिवंत मासोळी लावून. मला आणखी पुरावा कशाला हवा होता?

त्याच फोर्कवर मामाला घेऊन गेलो. मामा पहिल्यांदाच अमेरिकेत आला होता, मे महिना होता, परवाना काढून त्याला रॉड दिला. पहाटेच्या पाण्यात धरणाखाली गेलेल्या झाडांचे बुंधे उभे होते. मामाला रिळाची सवय नव्हती. तो रॉडचं टोक उंच धरून सावकाश फिरवत होता. आमिष बुडतच नव्हतं. पाठ पाण्याबाहेर, अंग डुलतंय, मागे दोन्ही बाजूंना फाकत जाणारी रेघ. मी दोनदा सांगितलं, "मामा, जोरात फिरव. खाली गेलं पाहिजे ते."

"कित्याक रे खाली? मासो हयच आसा."

त्याने बोट दाखवलं तिथे बारीक शॅड मासे पाण्यावर उसळत होते. ते मलाही दिसले होते. पण मी त्यांना चिल्लीपिल्ली म्हणून सोडून दिलं होतं. ते का उसळतात, त्यांना खालून कोण हाकलतंय, हे मनातही आलं नाही. मामाला पाणी दिसत होतं आणि मला खोकं.

मी पुन्हा काही बोलणार, तेवढ्यात मामाने हात थांबवला. आमिष एका बुंध्याजवळ तरंगत राहिलं. त्याच्याभोवतीची वर्तुळं विरली तरी त्याने रीळ फिरवलं नाही. मी अस्वस्थ झालो, अगदी त्याच्या हातून रॉड घ्यावा इतका. मग त्याने जेमतेम वीतभर ओढलं. नाक बुडालं, परत वर आलं, आणि पाणी फुटलं. तो आवाज मी ओळखला. लहानपणी खाडीत संध्याकाळी चोणक कोळंबीवर तुटून पडायचा, तोच आवाज. चोणकाला कुणी शिसं लावून तळाशी गरी टाकत नाही, हे मला मामानेच शिकवलेलं. खाडीने मला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. त्यातली माझ्या मताला सोयीची तेवढी मी जवळ ठेवली. मासा मोजून सोडताना मामा त्याच्याकडे बघत होता आणि मला मामाकडे बघवत नव्हतं.

मग मी नीट विचार केला. ओठ आमिषाला खाली नेतो तो ओढीमुळे. ओढ मंद केली, रॉड उंच धरून लाइन पाण्याबाहेर ठेवली, तर तेच आमिष पाण्याच्या कातडीलगत चालतं. फ्लोरोकार्बनची लाइन बुडते आणि नाक खाली खेचते, म्हणून इथे तरंगणारी साधी मोनो लाइन हवी. बास खालून वर बघतो. उजळत्या आकाशावर त्याला एक गोल, डुलणारी सावली दिसते, ब्लूगिल माशाच्या पिल्लासारखी. आणि अंगावरच्या पार्श्वरेषेने तो ती थरथर दिसण्याआधीच ओळखतो. फिनलंडच्या लाउरी रापालाने 1936 मध्ये बुचाच्या लाकडातून पहिलं आमिष कोरलं, चॉकलेटच्या चांदीत गुंडाळलं, तेही तरंगणारंच होतं. जखमी मासा वेगळा डुलतो आणि शिकारी मासा नेमका त्यालाच निवडतो, हे त्याने तळ्यावर पाहिलं होतं. जखमी मासा बहुधा वरच येतो. ही गोष्ट मी कितीदा वाचली होती आणि तिचा अर्थ माझ्यापर्यंत पोचला नव्हता.

आता पहाटे आणि ढगाळ दिवशी, बुंध्यांत किंवा गवताच्या कडेला, पॉपर बाहेर काढण्याआधी मी बाल्सा लाकडाचं तरंगणारं क्रँकबेट टाकतो. पॉपरच्या आवाजाने बुजणारा मासा त्याच्यावर येतो. जुलैच्या भर दुपारी मात्र मीही खोलच जातो, तेव्हा मासा खरंच तिथे असतो.

त्या सहकाऱ्याला फोन करून सांगितलं की तुझं बरोबर होतं. तो हसला नाही, मला बरं वाटलं. आमचा वाद अजून आहे, पण वेगळा. तो म्हणतो, आमिष थांबवलंच पाहिजे. मी म्हणतो, पाणी उबदार असेल तर न थांबता, हळू, एका चालीने आणावं. पुढच्या शनिवारी दोघं एकाच बोटीत जाणार आहोत.