बाराव्या हिश्शाचा डाकोटा

डग्लस डीसी-३ हे दोन इंजिनांचे प्रवासी विमान १७ डिसेंबर १९३५ रोजी पहिल्यांदा उडाले. लष्करी आणि नागरी मिळून ते दहा हजारांवर बांधले गेले. ब्रिटिशांनी त्याच्या लष्करी रूपाला डाकोटा म्हटले आणि भारतात तेच नाव रुळले. महायुद्धानंतर लष्कराने विकायला काढलेली ही विमाने स्वस्तात मिळाली आणि इथल्या अनेक नव्या विमान कंपन्या त्यांच्याच बळावर उभ्या राहिल्या. १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. सुरुवातीच्या वर्षांत हे काम डाकोटांनी केले.

अशा विमानाची उडणारी प्रतिकृती नकाशावरून बांधणे हे छंदातले उशिराचे काम आहे. सुरुवात बहुधा शाळकरी वयात, हाताने फेकायच्या ग्लायडरपासून होते. अनेकांना ही गोडी एनसीसीच्या हवाई शाखेत लागते. मग रबराच्या पिळावर उडणारे विमान, त्यानंतर कंट्रोल-लाइन. यात विमान दोन तारांच्या टोकाशी गोल फिरते आणि चालवणारा मधोमध उभा असतो. जुन्या मंडळींनी दोन इंजिनांची विमाने या तारांवरच खूप उडवली. आतल्या बाजूच्या इंजिनाला ते थोडे जास्त इंधन देत, म्हणजे बाहेरचे आधी बंद पडे, विमानाचे नाक बाहेरच्या बाजूला ओढले जाई आणि तारा ताणलेल्या राहत. रेडिओवर उडणाऱ्या विमानाला असा आधार नाही. एक इंजिन बंद पडले की विमान त्या बाजूला वळते, वेग घटला असेल तर पंख कोसळतो आणि महिनोन्‌महिन्यांचे काम क्षणात जमिनीवर येते. विजेच्या मोटारी आल्यावर ही भीती पुष्कळ कमी झाली आणि मोठी प्रवासी विमाने बांधण्याचे धाडस वाढले.

प्रमाण १:१२ घेतले तर खऱ्या विमानाचा फूट म्हणजे प्रतिकृतीचा इंच. डीसी-३ चे पंख ९५ फूट, म्हणून प्रतिकृतीचे ९५ इंच, म्हणजे सुमारे २.४ मीटर. वजनाचा हिशेब मात्र घनाने होतो. पूर्ण भरलेल्या डीसी-३ चे वजन सुमारे ११,४०० किलो. त्याला १,७२८ ने भागले की साडेसहा किलोच्या आसपास उत्तर येते. मोटारी, बॅटरी, सर्वो, चाके, रंग, सगळे या साडेसहा किलोंत बसवायचे. ते बसले तर वेग वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे साडेतीन पटींनी उतरतो. खरे विमान ताशी ११० किलोमीटरच्या खाली हवेत तरत नाही, प्रतिकृती ३२ पर्यंत तरते. वजन वाढले की हा आकडा चढतो. त्यातच हवा काही बाराव्या हिश्शाची होत नाही. लहान पंखाला ती नेहमीच थोडी कमी साथ देते.

नकाशा सपाट फळीवर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक घालतात आणि त्यावर बाल्सा लाकडाच्या पट्ट्या टाचण्यांनी बसवतात. पंखाचा मधला भाग आधी बांधावा, कारण दोन्ही इंजिने आणि चाके त्यालाच लागतात. तो खऱ्या विमानात आडवा सरळ आहे. पंख वर उचलले जातात ते इंजिनांच्या पलीकडे, आणि बाहेरचे पंख तिथेच बोल्टांनी जोडलेले असतात. प्रतिकृतीही त्याच जागी सुटी करता येते, म्हणून ती गाडीत मावते. पंख टोकाकडे निमुळते असल्याने टोके आधी कोसळण्याचा धोका असतो. त्यासाठी टोकाचा पुढचा काठ दोन-तीन अंश खाली पिळून बांधतात. शेपूट शक्य तितकी हलकी हवी, कारण डाकोटाचे नाक आखूड आहे आणि शेपटीतल्या एका ग्रॅमसाठी नाकात काही ग्रॅम शिसे भरावे लागते. खऱ्या विमानाचे रडर, एलिव्हेटर आणि एलेरॉन कापडाने मढवलेले होते. प्रतिकृतीतही तेच केले तर ती अधिक खरी होते आणि शेपटीचे वजनही वाचते.

मिटल्यावरही डाकोटाची चाके थोडी बाहेर राहतात. कधी ती उघडली नाहीत आणि पोटावर उतरावे लागले, तर प्रतिकृतीला याचा मोठा उपयोग होतो. विमान शेपटीच्या चाकावर बसत असल्याने धावपट्टीवर ते आडवे फिरू पाहते. दोन्ही मोटारींची शक्ती हळूहळू वाढवावी आणि रडरवर बोट ठेवावे.

रिव्हेट, खिडक्यांच्या चौकटी, कंपनीचा जुना रंग यांत बांधणाऱ्याचे प्रेम दिसते आणि ते दिसावेच. पण उडताना घाई करणारे विमान, कितीही बारकाव्यांनी सजवलेले असो, डाकोटा वाटत नाही. संथपणा हे त्याच्या चेहऱ्याइतकेच खरे लक्षण आहे, आणि तो वजन आटोक्यात ठेवल्याखेरीज साधत नाही. डाकोटाचा नकाशा मागवणाऱ्याने बाल्साबरोबर ग्रॅममध्ये मोजणारा काटाही आणावा आणि प्रत्येक तुकडा चिकटवण्याआधी तोलावा.